लॉकडाऊनमध्ये घरी बसून वैतागलाय? हे जरा करून बघा

हे लिहिलेलं आहे जून 2021 च्या कोरोना लॉकडाऊनमध्ये. बाकी कर्नाटकात 14 जूनला जरा सैल केलं आणि आपलं बेळगाव नेमकं बंद कायम ठेवलेल्या 11 जिल्ह्यांत सापडलं, म्हणजे 21 तारखेपर्यंत होतं तसंच, सकाळी 6 ते 10 मध्ये काय ते आणायचं आणि मग दार लावून बसायचं. गेल्या वर्षी पाडव्यादिवशी बंद सुरू झालं तेव्हा निदान सगळं नवीन होतं, दिवे लावले, टीव्हीवर रामायण परत लागलं तर घरातली सगळी मिळून बसत होतो. यंदा तसलं काय नाही. यंदा गल्लीतली माणसं गेलीत, त्यामुळं आनंद वगैरे शब्द काढायला पण जीभ अडखळते.

म्हणून आधीच सांगतो, ज्यांच्या घरात पेशंट आहे नाहीतर ज्यांची चूल अडलीय त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. आमच्या वडगावात शेजारच्या घरातले माग बंद आहेत, दिवसभर खटखट चालायची तेव्हा आम्ही शिव्या घालायचो, आता ती शांतता ऐकवत नाही. तसलं घर शेजारी असेल तर पहिलं त्यांच्याकडं तांदूळ-डाळ पोचवा, मग खालचं वाचा.

पहिली गोष्ट, टाइमटेबल करू नका. गेल्या वर्षी मी केलेलो, वहीच्या पानावर लाल पेनानं रेघा मारून, 5 ला उठणे, योगा, वाचन, इंग्रजी सुधारणे. तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी 8 ला उठलो आणि वर आपणच आपल्याला नापास केल्यासारखं वाटलं ते वेगळंच. त्यापेक्षा दिवसातली एक वेळ धरा आणि त्या वेळेला एकच गोष्ट, ती पण पाच-दहा मिनिटांची. माझी सांजची 6 ची आहे. त्या वेळेला गच्चीवर जातो आणि येळ्ळूरचा गड दिसतोय काय बघतो, बस्स एवढंच. मे महिन्यात रोज दिसायचा, अगदी तटाची रेघ कळायची, आता मिरग (मृग नक्षत्र) लागल्यापासून कधी अर्धाच दिसतो, कधी ढगात पार गडप. धाकट्याला कॅलेंडरवर खूण करायला लावलोय, दिसला तर बरोबर, नाही दिसला तर फुली. ऐकायला खुळ्यासारखं वाटतंय ना? पण साडेपाच वाजले की तोच मला हाक मारतोय, पप्पा चला, गड बघायचा टाइम झाला. तुमच्याकडनं गड दिसत नसेल तर शिवार बघा, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी झालेल्या शेतात भाताचे हिरवे कोंब वर यायलेत, ते रोज किती वाढले ते बघा. गल्लीतनं काहीच दिसत नसेल तर समोरच्या पत्र्यावरची मांजरं तर आहेतच.

दुसरी, बातम्यांना पण वेळ ठरवून द्या. सकाळी पेपर वाचायचा, रात्री एकदा आकडे बघायचे, मधे बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर काढ्याचे फॉरवर्ड येतात त्यांना हात जोडून नमस्कार करायचा आणि पुढं जायचं, घरातल्या म्हाताऱ्यांना सुद्धा ते पाजत सुटायचं नाही.

तिसरी गोष्ट फोनची. आमच्या इकडं अर्ध्या लोकांचं माहेर नाहीतर सासर पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर. एरवी सीमेवरच्या शिनोळीपर्यंत गेलं की आलंच म्हणायचं, पण या 2021 च्या लॉकडाऊनमध्ये सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते, मग कोण जाणार. माझी आक्का गडहिंग्लजला असते. आधी आम्ही कधीपण फोन करायचो आणि दोघंपण रडगाणी गायचो. आता ठरवलोय, दुपारी 4 ला, चहा हातात घेऊनच फोन, आणि आजाराचं काही बोलायचं नाही. मग बोलायचं काय? पहिल्या दिवशी खरंच काय सुचेना. मग ती म्हणाली आज फणस फोडलो, 84 गरे निघाले, मोजलो. मी म्हटलं मोजायला वेळ आहे काय तुला, तर म्हणते वेळच वेळ आहे रे बाबा. तिथनं सुरू झालं, आता रोज दोघंपण काहीतरी मोजून सांगतो.

चौथी, घरातल्याच माणसांकडनं काहीतरी शिका. आमच्या आईला कन्नड बोलायला येतं पण वाचता येत नाही. थोरलीचा ऑनलाईन क्लास संपला की ती आज्जीला नंदिनीच्या दुधाच्या पिशवीवरची अक्षरं शिकवते. पहिलं हालु, मग दह्याच्या पिशवीवरनं मोसरु. आता आई गच्चीवरनं समोरच्या दुकानाची पाटी एकेक अक्षर लावून वाचते आणि पुरी झाली की खालच्या कन्नड आज्जींना ओरडून सांगते, त्या पण खालनं ऊट आयता (जेवण झालं काय) विचारतात म्हणजे अर्धा तास गेलाच. घरात एकमेकांचं तोंड बघून कंटाळा आलाय म्हणणाऱ्यांनी हे नक्की करावं, नातवंडाला मास्तर केलं की ते भांडत नाही.

आता मुख्य, कुंदा, आपली दूध आटवून केलेली बेळगावी मिठाई. स्वीट मार्टचं दार कधी उघडणार माहिती नाही आणि हॉटेलं बंद असल्यामुळं आमच्या गवळीमामांकडं दूध उरतंय, तेव्हा हीच वेळ. घाई असेल त्या दिवशी करू नका. म्हशीचं दूध 1 लिटर घ्या, जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कढईत उकळायला ठेवा आणि निम्मं होईपर्यंत आटवा, मधे मधे कडेची साय खरवडून आत ढकलायची. निम्मं झालं की 2 चमचे दही घाला, दूध थोडं फाटून बारीक दाणे दिसायला लागतील, घाबरू नका, तेच पाहिजे. एकीकडं छोट्या कढईत 3 चमचे साखर पाणी न घालता मंद आचेवर ठेवा, ती विरघळून तांबूस झाली की लगेच गॅस बंद. इथंच माझं पहिल्यांदा चुकलं, फोन आला म्हणून वळलो आणि साखर काळी झाली, तरी तशीच ओतलो, आख्खा कुंदा कडू. बायको काही बोलली नाही, फक्त चहाला दूध नाही एवढंच सांगितली. ही तांबूस साखर दुधात हळूहळू घालायची, एकदम ओतलं तर उसळून हातावर येतं, पोरांना लांब ठेवा. वरनं आणखी 5-6 चमचे साखर, गोडाच्या अंदाजानं. मग हलवत राहायचं. खरी मजा इथनं पुढं आहे, अर्धा-पाऊण तास फक्त उलथनं फिरवायचं, बाहेर पाऊस, घरभर खमंग वास, पोरं एकेक करून स्वयंपाकघरात येऊन काय करायलाय विचारणार. कडेनं सुटायला लागलं आणि दाणे मोकळे दिसले की वेलची घालून उतरवा. लिटरभर दुधाचा वाटी-दीड वाटीच होतो, तेव्हा मोठी अपेक्षा ठेवू नका.

त्यातला थोडा झाकून शेजारी द्या, दाराशी ठेवायचा, हाक मारायची आणि मागं सरायचं. आपल्याकडं वाटी रिकामी परत येत नाही हे तर माहितीच आहे. आमची परवा गेली ती काल आली, आत तिखट-मीठ लावलेले चिरमुरे आणि त्यावर एक कच्ची कैरी, मोसम संपला तरी कुठनं मिळाली काय माहिती.

आणि हो, कुंदा दुसऱ्या दिवशी कडक झाला तर टाकू नका, 2 चमचे दूध शिंपडून मंद आचेवर झाकून ठेवा, परत मऊ होतो.