मसाई माराला जाताना डॉलर किती, शिलिंग किती

केनियाच्या सफारीतला मोठा खर्च, म्हणजे विमान, गाडी, तंबूतला मुक्काम, बहुधा घरून निघण्याआधीच भरून झालेला असतो. तरी मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरलंय का आणि किती दिवसांचं, हे लेखी विचारून घ्या. परदेशी प्रौढ पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर पडतात. मुक्काम क्षेत्राच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत गेटबाहेर पडावं लागतं. न्याहारीत रमलात की आणखी एका दिवसाचे पैसे.

उरतो तो हातखर्च. तो शिलिंगमध्ये, म्हणजे केनियाच्या चलनात करा आणि डॉलर अडीअडचणीसाठी ठेवा.

नोटा नीट तपासून घेण्याचं काम मुंबई-पुण्यातच, फॉरेक्सच्या काउंटरवर उभं राहून करायचं. पूर्व आफ्रिकेत 2009 च्या आधीच्या मालिकेच्या डॉलर नोटा सहसा घेत नाहीत. मालिकेचं साल नोटेच्या दर्शनी बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं. शंभराची नोट निळ्या पट्टीचीच मागा. जुनी नोट अमेरिकेत वैधच असते, पण केनियात खोट्या नोटांची धास्ती मोठी आहे, आणि जुनी किंवा खराब नोट पुढे खपवणं तिथल्या बँकांनाही जड जातं. कडेला चीर, पेनाची रेघ, रबरी शिक्का, स्टेपलरची भोकं यांपैकी काहीही दिसलं तरी तिथे नोट नाकारतात. आपल्याकडे गड्डीला टाचणी मारायची सवय असल्याने हे जास्तच पाहावं लागतं. काउंटरवाला घाई करत असला तरी प्रत्येक नोट उजेडात धरून बघा आणि कडक पाकिटात घडी न घालता ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केनियासारख्या देशाच्या एका प्रवासासाठी 3,000 डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात. रोख रुपये देऊन 50,000 रुपयांपर्यंतचंच परकीय चलन घेता येतं. त्यावरची रक्कम बँक खात्यातून द्यावी लागते. पावती जपून ठेवा. परत आल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःकडे ठेवता येतात, त्यावरच्या 180 दिवसांत विकायच्या असतात.

भारतात केनियन शिलिंग शोधत बसू नका, मिळाले तरी भाव वाईट असतो. नैरोबीला उतरल्यावर डॉलर मोडा. 2025 मध्ये डॉलरला साधारण 129 शिलिंग मिळत होते. 50 आणि 100 च्या नोटांना चांगला भाव मिळतो. 1, 5, 10 च्या नोटांना कमी.

दोघांच्या सहा दिवसांचा अंदाज असा. चालक-गाइडला दिवसाला 2,500 शिलिंगप्रमाणे 15,000. कॅम्पच्या कर्मचाऱ्यांच्या सामायिक टिप-पेटीत 7,000. मसाई गावाला भेट द्यायची असेल तर दोघांचे 6,000. चहा-कॉफी, पाणी, वाटेतली छोटी खरेदी यांना 10,000. एकूण 38,000, म्हणजे शंभराच्या तीन नोटा मोडल्या की काम भागतं. मोडताना 100 आणि 200 शिलिंगच्या नोटा भरपूर मागा. हजाराची नोट घेऊन रस्त्याकडेच्या टपरीवर गेलात तर मोड मिळत नाही. गाइडला एक-एक डॉलरच्या नोटांची चळत देणं चांगल्या मनाने केलं तरी त्याचं नुकसानच होतं, कारण त्या मोडताना त्याला कमी भाव मिळतो. दिवसभर तुमच्यासाठी झाडाझुडपांत बिबट्या शोधणाऱ्या माणसाला पूर्ण मोबदला हातात पडावा. सफारीच्या शेवटच्या दिवशी पाकिटात घालून स्वतः त्याच्या हाती द्या.

नैरोबीहून माराला जाताना नारोक हे बँका आणि एटीएम असलेलं शेवटचं मोठं गाव. पैसे काढायचे राहिले असतील तर तिथेच काढा.

कार्ड दोन न्या, शक्यतो वेगवेगळ्या बँकांची, आणि वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो, नाहीतर कार्ड तिथे नाकारलं जातं. यंत्र पिन मागतं, म्हणून क्रेडिट कार्डाचा पिनही पाठ हवा. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. यंत्राने ‘रुपयांत की शिलिंगमध्ये?’ विचारलं तर शिलिंगच निवडा. रुपये निवडलेत की दुकानदाराची बँक स्वतःचा चढा भाव लावते. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड शिलिंगच्या बिलाला वापरलं की त्यावरही चलनबदलाचं शुल्क बसतं, तेव्हा ते ‘बिनखर्चाचं’ आहे या समजुतीत राहू नका. कॅम्पमधलं यंत्र मोबाइलच्या रेंजवर चालतं. पेयांचं बिल निघायच्या सकाळी न ठेवता आदल्या रात्रीच चुकतं करा.

यूपीआयवर भिस्त ठेवू नका. केनियाचा रोजचा व्यवहार एम-पेसावर चालतो. 2007 पासूनची ही मोबाइल सेवा भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे वापरतात. स्वाहिलीतला ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. 1920 पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. पासपोर्ट दाखवून ही सेवा चालवणाऱ्या सफारीकॉम कंपनीचं सिम घ्या, तिथेच एम-पेसा सुरू करून घ्या आणि एम-पेसाच्या एजंटकडे रोख शिलिंग भरा. दुकानात टिल नंबर, म्हणजे त्या दुकानाचा एम-पेसा क्रमांक, टाकून पैसे जातात. आलेल्या संदेशातलं नाव दुकानाशी जुळतं का पाहा. ‘चुकून तुम्हाला पैसे गेले, परत करा’ असा मेसेज आला तर आधी स्वतःची शिल्लक तपासा. बहुतेकदा ती फसवणूक असते.

पुढे टांझानियातल्या सेरेंगेटीला जाणार असाल तर हिशेब बदलतो. टांझानियाचा शिलिंग वेगळा आणि बराच स्वस्त. त्यांची सर्वात मोठी, 10,000 ची नोटसुद्धा जेमतेम चार डॉलरची. शिवाय 2025 पासून तिथे देशांतर्गत खरेदीत परकीय चलनात किंमत सांगायला आणि पैसे घ्यायला बंदी आहे. सीमेवर केनियन नोटा मोडून टाका, आणि तुमच्याभोवती गराडा घालणाऱ्या फिरत्या दलालांकडे न जाता काउंटरवरच मोडा. गड्डी मोजताना मधल्या नोटा काढून घेणं हा त्यांचा नेहमीचा डाव.

परतीच्या दिवशी उरलेले शिलिंग विमानतळावर, आत जाण्याआधी डॉलरमध्ये बदला. नाणी कुणी बदलून घेत नाही, ती शेवटच्या कॉफीत घालवा.