रंग मागायचा तर वस्तू आठवा

मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर माझी 22 वर्षं गेली. "ते जरा लालसर दाखवा" म्हणालात, तर मी नुसती थानं उतरवत बसेन. त्यापेक्षा रंगाच्या नावातली वस्तू डोळ्यांसमोर आणा.

आमसुली म्हणजे वाळलेलं आमसूल, काळपटाकडे झुकलेलं. ते भिजवल्यावर पाण्याला येतो तो रंग वेगळा, फसू नका. डाळिंबी दाण्याचा, सालीचा नव्हे. जांभळ्यात जांभूळ, विटकरीत वीट, पारव्यात पारवा, ही सोपी. अबोलीसाठी फूल आठवा: केशरी आणि गुलाबीच्या मधलं.

खरी पंचाईत वस्तूच विसरली की होते. तपकिरी हा तपकिरीचा रंग, नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीचा. आता डबी बाळगणारी आजी घरात नाही, म्हणून पोरी 'ब्राउन' म्हणतात आणि मी चॉकलेटी काढते. मग दोघी वैतागतो. खाकी फारसीतल्या 'खाक'वरून, म्हणजे माती, धूळ. किरमिजी तर किड्यांचा! किरमिज किडे वाळवून, कुटून हा लाल काढायचे. हे ऐकलं की गिऱ्हाईक ब्लाउजपीस खाली ठेवतं, त्यामुळे दुकानात मी गप्प.

दोन छटांत अडलात, तर कापड उंबऱ्याबाहेर उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली डाळिंबी नि राणी सख्ख्या बहिणी दिसतात. आणि ताई, मोबाइलमधला फोटो नको, साडीच पिशवीत घालून आणा.