परदेशात मानवाधिकार शिकायचंय? तयारी ग्रामसभेपासून करा

गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडच्या पोरापोरींनो, अर्जाच्या निबंधात ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असं लिहू नका. तेंदूपत्त्याचा हंगाम लिहा. वनहक्क कायदा 2006 तेंदूपत्ता, बांबू अशा गौण वनोपजावरचा ग्रामस्थांचा हक्क मान्य करतो. 2012 च्या नियमदुरुस्तीनंतर वाहतूक परवाना ग्रामसभेच्याच समितीनं द्यायचा. तुमच्या गावात तो कोणी दिला? व्यापाऱ्यानं पैसे कधी चुकते केले? बैठकीत बाया बोलल्या का? हे आपल्याशिवाय कोण सांगणार!

ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यात स्वयंसेवी कामही धरतात. वनहक्क समितीसोबतच्या कामाच्या तारखा, तास आजपासूनच वहीत टिपा.

ब्रिटनमधलं मास्टर्स बहुतेक एका वर्षाचं, वाचन अफाट. पॉलिसी मेमो, म्हणजे निर्णय घेणाऱ्यासाठीचं छोटं धोरण-टिपण, लिहिताना पहिल्याच ओळीत सांगा: निर्णय कोणी घ्यावा आणि कोणता. इतिहास नंतर. मला ही सवय सगळ्यात मोलाची वाटते. तहसीलदाराकडचा अर्जही असाच लिहावा.

आणि वर्गात गप्प बसू नका. मी आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण मांडायचे: सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी 2011 पर्यंत झगडावं लागलं. मग विचारायचे, कागदावरचा हक्क आणि हातातला बांबू यांच्यामध्ये नेमकं कोणतं कार्यालय उभं असतं?