रोपवन लावण्यापूर्वी आक्रमक वनस्पतींचा कायदा कसा वाचावा

रोपवनासाठी प्रजाती निवडताना केवळ 'ही वनस्पती आक्रमक आहे का' एवढे विचारून भागत नाही. तिच्याबाबत कोणती कृती मना आहे, हे पाहावे लागते. बाळगणे, विकणे, वाहून नेणे, लावणे आणि पसरू देणे या कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या कृती आहेत.

सुरुवात शास्त्रीय नावापासून करावी, कारण बोलीतली नावे फसवी असतात. युरोपात रोबिनिया स्यूडोअकेशिया या वृक्षाला सर्रास अकेशिया म्हणतात आणि हंगेरीत त्याची विस्तीर्ण रोपवने आहेत. युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या यादीत २०१९ साली आलेली अकेशिया सालिग्ना ही मात्र निराळी प्रजाती आहे. याद्या बदलत असल्याने ताजी प्रतच पाहावी.

नाव सापडले की त्याचा वर्ग पाहावा, कारण वनव्यवसायाचे गणित तिथेच ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या २००४ च्या जैवविविधता कायद्याखालील नियमांत घाणेरी '१ब' वर्गात येते आणि तिचे नियंत्रण बंधनकारक आहे. साल आणि लाकडासाठी लावली जाणारी ब्लॅक वॅटल वर्ग २ मध्ये आहे: परवाना घेऊन ती लावता येते, पण हद्दीबाहेर उगवलेल्या त्याच झाडाला '१ब'चे नियम लागू होतात. तिचे बी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते, त्यामुळे परवान्याचा अर्ज करतानाच हद्दीबाहेरची रोपे वर्षानुवर्षे उपटण्याचा खर्च हिशेबात धरावा. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

काही नियम प्रजातीइतकेच जागेकडे पाहतात. न्यूझीलंडमध्ये सूचिपर्णी वृक्षांचे बी उडून पसरण्याचा धोका लागवडीआधी गुणांनी मोजतात आणि १२ किंवा अधिक गुण आल्यास वेगळी संमती घ्यावी लागते. प्रजातीबरोबरच वाऱ्याच्या दिशेला काय आहे, तिथे चराई होते का, हेही मोजले जात असल्याने दरीत चालणारी प्रजाती डोंगरमाथ्यावर अडू शकते.

कायदा गप्प आहे म्हणून झुडूप राहू द्यावे, असेही नाही. इंग्लंडमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम हे झुडूप रानात लावणे गुन्हा आहे, जमिनीवर आधीपासून असणे नव्हे. तरी त्याच्या दाट सावलीत नवी रोपे तगत नाहीत आणि लार्च वृक्षांना मारणारा फायटोफ्थोरा रॅमोरम हा रोगकारक त्याच्यावर पोसला जातो.

आक्रमक वनस्पती काढल्यावर उपटलेला पाला वाहून नेण्याचे नियम तपासावेत, यंत्रांना चिकटलेली माती जागेवरच धुवावी आणि हद्दीची छायाचित्रे तारखेसह जपावीत. पसरण्यावरून शेजाऱ्याशी वाद झाल्यास तीच कामी येतात.