खाली बसवलेल्या ओमनीला बंद डिस्क टाकताय? आधी या चुका टाळा

ओमनी 2019 ला बंद झाली पण आमच्या साताऱ्यातल्या दोस्तांपैकी मला धरून तिघांकडं अजून आहे, आणि आम्ही तिघांनीही ती खाली बसवून (म्हणजे सस्पेन्शन उतरवून) बिनखिडक्यांच्या, म्हणजे तोंडावर हवेची भोकं नसलेल्या, सपाट तोंडाच्या लोखंडी डिस्क (टायर चढतो ती चाकाची रिंग, ब्रेकची डिस्क नव्हे) टाकल्यात. दिसते एक नंबर, त्यात वाद नाही. पण तिघांनीही घेताना डिस्कचं तोंड बघितलं, पाठ कुणी बघितलीच नाही, आणि नंतरची सगळी भानगड पाठीमागंच निघाली.

आधी पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या गोलावर असतात त्याचा व्यास. ओमनीला 4 नट, 114.3 मिमी. बाजारात 4 नटाचीच 100 वाली डिस्क पण असते, नजरेला फरक कळत नाही, म्हणून समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या. भोकं घासून बसवून देतो म्हणणारा भेटला तर गाडी वळवा आणि घरी या.

मग ऑफसेट, म्हणजे डिस्क किती आत किंवा बाहेर बसते ते. डिस्क जास्त बाहेर आली तर टायर मडगार्डला घासतो, जास्त आत गेली तर मागं स्प्रिंगच्या पाट्याला नाहीतर पुढं शॉकपला लागते. रिकामी गाडी जॅकवरनं उतरवायची, बोट घालून बघायचं आणि "बसतंय की" म्हणायचं, हीच चूक. खाली बसवलेल्या गाडीत टायरच्या वर जागा उरलेलीच नसते राव. मागं चार माणसं बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडं फुल्ल मारा, एक स्पीडब्रेकर हळू ओलांडा, मग बोला. कंपनीचा 145 आर 12 टायर साधारण 537 मिमी उंच भरतो आणि 165/60 आर 13 साधारण 528, म्हणजे 13 ची डिस्क टाकली तरी चाक मोठं होत नाही, फक्त टायर किती वजन पेलतो ते त्याच्यावर वाचून घ्या, व्हॅनचा टायर आणि छोट्या कारचा टायर एक नसतो.

आता खिडक्या. त्या काय शोभेला नसतात, ब्रेकची गरम हवा तिथनं बाहेर जाते. गावात फिरताना काही कळत नाही पण कासच्या पठारावरनं पाच माणसं घेऊन यवतेश्वरचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की खाली येईपर्यंत ब्रेक लायनरचा वास सुटतो, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल मऊ पडतं. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ऑइल आधीच बदला. काहीजण जुन्याच डिस्कच्या खिडक्या पत्रा वेल्ड करून बुजवतात, ते मला अजिबात पटत नाही, उष्णतेनं डिस्क वाकते आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, चाक लटपटतंच. बॅलन्सिंगवरनं आठवलं, मशीनचा कोन डिस्कच्या मधल्या भोकात बसतो, भोकच नसेल तर वेगळं अडॅप्टर लागतं, ते आहे का आधी विचारून जा. पुढच्या हबची (डिस्क ज्यावर बसते तो भाग) टोपी पण बाहेर येते, ती आतनं टेकत नाही ना बघा. आणि व्हॉल्व्ह कुठनं बाहेर येतो तेही, नाहीतर हवा भरायला चाक काढावं लागेल.

माझी स्वतःची चूक रंगाची. डिस्क जाड पावडर कोटिंग करून घेतल्या, नट बसतो त्या उतारावर पण तो रंग चढला आणि हबला टेकते त्या पाठीवर पण. नट आवळले रंगावर, रंग दबला, नट ढिले. आठवड्यात डावीकडनं कट कट आवाज यायला लागला, पाना लावला तर दोन नट हातानं फिरले! आता त्या दोन्ही जागा खरवडून साफ करतो, हबचा गंज ब्रशनं काढतो, नट समोरासमोर आवळतो आणि 80-100 किमी झाल्यावर परत एकदा पाना मारतो.

आरटीओचं पण डोक्यात ठेवा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलच आहे.

तरी त्रास झालाच तर: हायवेला 70-80 वर स्टेअरिंग थरथरलं की बॅलन्सिंग, पण आधी डिस्कच्या आत बघा, पावसात कासची लाल माती आत बसते आणि खिडक्या नसल्यानं धुताना निघत नाही. हळू चालवताना पण गाडी डुलली तर बहुतेक डिस्क वाकलीय. फक्त वळताना घासलं तर पुढचं चाक, माणसं भरून खड्ड्यात घासलं तर मागचं. रात्रीत हवा उतरली तर वेल्डिंगच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की ती डिस्क भंगारात.