टॉवेल डेची तयारी : २५ मे उजाडण्याआधी

टॉवेल डेला दिवसभर टॉवेल जवळ बाळगून एका लेखकाची आठवण काढायची असते, म्हणून सगळ्यात आधी टॉवेल शोधा. विकत आणू नका, शोधा. कपाटाच्या तळाशी असेल, दोरीवर असेल, जिमच्या बॅगेत बोळा होऊन पडला असेल. पण तो तुमच्या अंगाला लागलेला, वापरून वापरून मऊ पडलेला हवा. खास या दिवसासाठी छापलेले टॉवेल दिसायला सुंदर असतात, पण नवा टॉवेल दोन-चार धुण्यांशिवाय धड पाणी टिपत नाही आणि खांद्यावरून सारखा घसरतो. माझा सोलापुरी आहे, निळ्या काठांचा. लंडनला निघताना आईने बॅगेत भरला होता. १८-१९ तारखेलाच तो मी धुवायला टाकते. इथल्या मे महिन्यातल्या उन्हाचा भरवसा नाही. जाड टर्किश टॉवेल घरात वाळायला दोन दिवस लावतो, आणि जरा ओलसर राहिला की कुबट वास धरतो. दिवसभर तो खांद्यावर राहणार आहे, तेव्हा हे काम शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

ज्यांना हा दिवस नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही डग्लस ॲडम्स या इंग्लिश लेखकाची परग्रहवासीयांची विनोदी कथा. ८ मार्च १९७८ला ती बीबीसी रेडिओ फोरवर सुरू झाली, १९७९मध्ये तिचं पुस्तक झालं आणि जानेवारी १९८१मध्ये बीबीसी टूवर सहा भागांची मालिका आली. अंतराळातल्या एका बायपाससाठी पृथ्वी पाडली जाते. आर्थर डेंट नावाचा साधासुधा माणूस त्यातून वाचतो तो केवळ मित्रामुळे, आणि हा मित्र, फोर्ड प्रीफेक्ट, मुळात परग्रहावरचा निघतो. फोर्डजवळ जो प्रवासाचा मार्गदर्शक ग्रंथ असतो, त्याचं ठाम म्हणणं असं की ताऱ्यांमधून लिफ्ट मागत फिरणाऱ्याजवळ टॉवेल हवाच. पांघरा, अंथरा, तराफ्याला शीड म्हणून लावा, ओला करून मारामारीत वापरा, विषारी वाफा आल्या तर डोक्याला गुंडाळा, अडकलात तर हलवून मदत मागा. आणि एवढी विश्वाची धूळ खाऊनही ज्याला आपला टॉवेल कुठे आहे हे ठाऊक असतं, तो माणूस भरवशाचा. ॲडम्सना हे सुचलं ते ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या सुट्टीत. रोज सकाळी समुद्रावर निघायच्या वेळी नेमका त्यांचाच टॉवेल सापडायचा नाही आणि बरोबरची मंडळी ताटकळायची.

११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं ४९. बरोबर दोन आठवड्यांनी, २५ मे रोजी, चाहत्यांनी दिवसभर टॉवेल जवळ बाळगून त्यांची आठवण काढली. तेव्हापासून हा दिवस दरवर्षी पाळला जातो. तयारी करताना मी हे विसरत नाही. हा हसायचा दिवस आहे, पण त्याची सुरुवात सुतकात झालेली आहे.

कॅलेंडर आत्ताच बघून ठेवा. २०२६मध्ये २५ मे सोमवारी येतो आणि ब्रिटनमध्ये त्याच दिवशी बँक हॉलिडे आहे, म्हणजे रजेचा प्रश्नच नाही. २०२८मध्ये मात्र गुरुवार आहे. आर्थरला गुरुवार कधीच मानवला नाही आणि पृथ्वीसुद्धा गुरुवारीच पाडली गेली, तेव्हा त्या वर्षी तुमच्यापैकी निष्ठावंतांनी रजा जरूर टाकावी.

पुण्याहून भाचीने विचारलं होतं, मावशी, पंचा चालेल का? चालेल, उलट प्रवाशाला पंचाच बरा. हलका, तासाभरात वाळणारा, घडी केली की पिशवीच्या कोपऱ्यात मावणारा. ऊब सोडली तर त्या ग्रंथातले बहुतेक उपयोग तो निभावतो, आणि मेच्या कडाक्यात ओला करून डोक्यावर घेता येतो तो वेगळाच. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे खांद्यावर टॉवेल टाकलेला माणूस बाजारात, एसटीत, शेताच्या बांधावर रोजच दिसतो, त्यामुळे कोणी वळूनही बघणार नाही. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, लोक बघतात, आणि अर्धे जण विचारतात. विचारलं गेलं पाहिजे, त्यातच तर या दिवसाची गंमत आहे. म्हणून महाराष्ट्रात असाल तर जाड पुठ्ठ्याचा बिल्ला करा, त्यावर ठळक ४२ लिहा आणि शर्टाला टाचा. कथेतल्या ‘डीप थॉट’ या महासंगणकाने जीवन, विश्व आणि सगळ्याचंच उत्तर शोधायला ७५ लाख वर्षं घेतली आणि ४२ असं उत्तर दिलं. प्रश्न नक्की काय होता, ते कोणालाच सांगता येईना. एवढं सांगितलंत तरी समोरचा हसतो आणि पुढचं ऐकायला तयार होतो.

ते पुढचं दोन वाक्यांत बसवून घरी मोठ्याने म्हणून बघा. मी म्हणते, “एक लेखक लवकर गेला, त्याची आठवण म्हणून आज टॉवेल घेऊन फिरते. संध्याकाळी त्याची मालिका बघणार आहे, तुम्हीही बघा.” लांबलचक सांगायला गेलात की स्टेशन येतं.

संध्याकाळच्या मालिकेसाठी वेळ राखून ठेवा. सहा भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. सहाला बसलात तर मध्ये जेवण धरून दहाच्या आत संपतं. नवा माणूस असेल तर पहिला भाग चुकवू नका. त्यात पृथ्वीही जाते आणि त्याआधी आर्थरचं स्वतःचं घरही पाडायला येतात, तेही बायपाससाठीच. दुसऱ्या भागात समुद्राकडे विवस्त्र चालत जाणारा उंच माणूस दिसतो, ते खुद्द ॲडम्स; घरात मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. फोर्डचा तो ग्रंथ इलेक्ट्रॉनिक आहे; त्याच्या पडद्यावर अक्षरं आणि चित्रं सरसर उमटतात, तिथे थांबून सगळ्यांना सांगा की हे संगणकाने केलेलं नाही. रॉड लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हाताने, एकेक चित्र काढून केलं. १९८१ साली संगणक जसा दिसावा असं लोकांना वाटत होतं, तसा त्यांनी कागद आणि प्रकाशावर उभा केला. मला या मालिकेतलं सगळ्यात जास्त तेच आवडतं. २००५चा चित्रपटही आहे; तो दुसऱ्या दिवशी बघा. मुलांना अंतराळाची ओढ असेल तर २०१५च्या टॉवेल डेला समांथा क्रिस्टोफोरेट्टी या अंतराळवीरांगनेने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून या पुस्तकातला उतारा वाचला होता, तो व्हिडिओ आधी लावा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. पायजमा, ड्रेसिंग गाऊन आणि सपाता घातल्या की आर्थर तयार. कथेतल्या झेफॉड बीबलब्रॉक्सला दोन डोकी आहेत म्हणून दुसरं डोकं करायला जाल, तर मालिकेतसुद्धा ते यंत्राचं डोकं वारंवार बिघडत असे, हे आठवा. त्यापेक्षा बेबल फिश करा. कथेतला हा पिवळा छोटा मासा कानात घातला की विश्वातली कुठलीही भाषा कळते. पिवळ्या फेल्टचा बोटभर मासा कापा आणि कानामागे अडकवा. लहान मुलं असतील तर कानात अजिबात नको. आमच्याकडे मासे लावून प्रत्येक जण आपापल्या भाषेत एक वाक्य बोलतो आणि बाकीचे अर्थ ओळखतात. कोकणी, तमिळ, पोलिश, वेल्श. गेल्या वर्षी पोलिश मैत्रिणीचं वाक्य मालवणी काकूंनी बरोबर ओळखलं, नुसत्या चेहऱ्यावरून.

खाण्यात खारे दाणे हवेतच. पृथ्वी संपायला बारा मिनिटं असताना फोर्ड आर्थरला पबमध्ये नेतो, बिअर पाजतो आणि नंतर दाणे खाऊ घालतो. किरणांतून शरीर अंतराळयानात गेलं की मीठ आणि प्रथिनं कमी होतात म्हणून. बिअर नको असेल त्यांना थंड ताक द्या. पाहुण्यांत कोणाला दाण्यांची ॲलर्जी नाही ना, हे बोलावतानाच विचारा. आणि चहा. आर्थर विश्वभर एक कप चांगला चहा शोधत फिरतो आणि यंत्र त्याला चहाच्या जवळपासही न जाणारं काहीतरी देतं. ॲडम्स स्वतः चहाच्या बाबतीत काटेकोर होते: पानांवर पडताना पाणी खळखळ उकळतं हवं. आपला चहा तर पातेल्यातच उकळतो, तेव्हा ती अट आपोआप पूर्ण होते.

कविता आठवडाभर आधी लिहायला सांगा, नाहीतर ऐन वेळी सगळे लाजतात. व्होगॉन या परग्रहवासीयांची कविता विश्वात वाईटपणात तिसऱ्या क्रमांकावर. प्रत्येकाने स्वतःची, आठ ओळींची, अगदी मनापासून वाईट कविता आणायची. दुसऱ्या कोणाची वाचायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

आकाशाचा बेत मात्र ठेवू नका. फोर्डचा ग्रह बेटेलज्यूजच्या आसपासचा, म्हणजे आपल्या मृग नक्षत्रातल्या काक्षीच्या शेजारचा. पण मेअखेर मृग सूर्याच्या जवळ असतं आणि संधिप्रकाशात हरवून जातं. काक्षी बघायचा तो डिसेंबर-जानेवारीत, तांबूस आणि ठसठशीत. मेमध्ये मुलांना लघुग्रह २५९२४ची गोष्ट सांगा. त्याचा तात्पुरता क्रमांक होता २००१ डीए४२: ॲडम्स यांच्या मृत्यूचं साल, त्यांची आद्याक्षरं आणि ते उत्तर. पुढे त्या लघुग्रहाला ‘डग्लस ॲडम्स’ हेच नाव मिळालं. मला तो क्रमांक वाचताना अजूनही भरून येतं.

लंडनमध्ये असाल तर सकाळ हायगेट स्मशानभूमीसाठी ठेवा. ट्यूबने आर्चवेला उतरून चढ चढायचा. आत जायला तिकीट लागतं आणि ॲडम्स यांची समाधी पूर्वेकडच्या भागात आहे. साधा दगड, त्यावर नाव, ‘लेखक’ हा शब्द आणि जन्म-मृत्यूची दोन सालं. समोर लोक पेनं ठेवून जातात. पिशवीत पेन टाका, आणि ते चालतंय ना, हे कागदावर रेघ ओढून बघा. संपलेलं पेन लेखकाला देऊ नये. फुलं नाही आणलीत तरी चालतं. त्यापेक्षा गेंड्यांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द ऱ्हायनो’ संस्थेला ४२ पौंड द्या, जमत नसेल तर ४ पौंड २० पेन्स. ॲडम्स तिचे संस्थापक आश्रयदाते होते. १९९४मध्ये किलिमांजारोच्या मोहिमेत गेंड्याचा पोशाख घालून चालले होते.

२४ तारखेच्या रात्री पिशवी दाराशी ठेवा: पेन, दाणे, बिल्ला, पाणी. टॉवेल खुंटीवर, दार उघडताना हाताला लागेल असा. पहिल्या वर्षी मी सगळं घेतलं आणि टॉवेल न्हाणीघरात विसरले. हायगेटला पोचल्यावर ते ध्यानात आलं. समाधीपाशी आठ-दहा जण होते, सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल. मी पेन ठेवून मागे सरकत होते, तेवढ्यात एका वयस्कर गृहस्थांनी आपला राखाडी, विटका टॉवेल खांद्यावरून काढला आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघं दोन टोकं धरून पाच मिनिटं गप्प उभे राहिलो. तेव्हापासून पिशवीत एक जादा टॉवेल असतो. पाच वर्षांत तो तीनदा लागला आहे. तुम्हीही एक टाका.