एन्झाइमला हवा चालते, रंगाला नाही

राजेहो, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड पचवणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम हवेत टिकतं का, हे तपासायचं असेल तर आधी रबरी बूच तपासा. मी नागपुरात एमएस्सीची प्रॅक्टिकल्स घेते. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात कडक झालेल्या बुचांनी माझे तीन आठवडे खाल्ले. एन्झाइम मेलं समजून मी रडकुंडीला आले होते.

सीओ डीहायड्रोजनेज सीओ आणि पाण्यापासून कार्बन डायऑक्साइड बनवतं, त्यात दोन इलेक्ट्रॉन सुटतात. निकेलवाला प्रकार हवेत सहसा निकामी होतो. ऑलिगोट्रोफा कार्बॉक्सिडोव्होरान्स या जिवाणूचा मॉलिब्डेनम-तांब्याचा प्रकार मात्र हवेतच राबतो. त्याचे इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याला मिळाले की निळा रंग उडतो. पण ऑक्सिजन शिरला की तो रंग पुन्हा निळा होतो! म्हणून हवा सोसणारं एन्झाइमसुद्धा बिनहवेच्या क्युव्हेटमध्येच (रंग मोजायच्या छोट्या पारदर्शक नळीत) मोजायचं.

सीओचा सिलिंडर फक्त फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडा, सीओ अलार्म चालू ठेवा, एकटं काम करू नका. या वायूला वास नाही, आणि हवेत साडेबारा ते ७४ टक्के असला तर ठिणगीने स्फोट होतो.

जिवाणूंपासून काढलेल्या, एन्झाइम असलेल्या अर्काचे दोन भाग करा, दोन्ही बर्फात. एक नायट्रोजनखाली बंद, दुसरा उघडा, हळू ढवळत. क्युव्हेटमध्ये ७.२ पीएचचं फॉस्फेट बफर, २५ मायक्रोमोलर मिथिलीन ब्लू. बूच लावून आधी नायट्रोजन, मग सीओ सोडा. बाहेर जाणारी सुई हूडमध्येच उघडी राहू द्या. ०, ३०, ६०, १२० मिनिटांनी दोन्हींतले १० मायक्रोलिटर हवाबंद सिरिंजने टाका आणि ६१५ नॅनोमीटरच्या प्रकाशात निळा रंग किती वेगाने कमी होतो, तो उतार बघा. उघड्या भागाच्या थेंबात विरघळलेला ऑक्सिजन असतोच, त्यामुळे सुरुवातीला रंग अडून बसतो. तेवढा वेळ सोडून पुढचा उतार घ्या. उकळलेला अर्क आणि सीओऐवजी नायट्रोजन, हे तुलनेचे दोन कंट्रोल लागतातच.

तापमान ३० अंश. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमची लॅब त्याखाली येतच नाही आणि क्युव्हेटचा होल्डर फक्त गरम करतो, थंड नाही, म्हणून आम्ही सकाळी सातला सुरू करतो.

रंग उडाल्यावर क्युव्हेट पाच मिनिटं तशीच ठेवा. बुचाखाली निळी कड परत दिसली, तर बूच बदला आणि ते रीडिंग वहीत लिहू नका.